वाचकांचे प्रश्न : बेटांवरचा वृक्ष-निवडुंग आणि इंदूरची काळी माती

झाडासारखं खोड धरणाऱ्या फड्या निवडुंगाबद्दल इंदूर आणि परिसरातून आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. सारख्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : नर्सरीत ‘गॅलापागोसचा कॅक्टस’ सांगून दिलेलं दोन फुटी रोप घेतलं. काटे जवळजवळ नाहीत. फडे पातळ, लांबट, हिरव्यावर जांभळट झाक असलेले. हा खरंच तिथला का? किती मोठा होईल? – सुदामानगर

उत्तर : नाही. वर्णनावरून तुमचं रोप कॉन्सोलिया रुबेसेन्स दिसतं. नर्सरीत याला ‘रोडकिल कॅक्टस’ही म्हणतात, कारण त्याचे फडे रस्त्यावर चिरडल्यासारखे चपटे असतात. याचं घर कॅरिबियन समुद्रात आहे : पोर्टो रिको, व्हर्जिन बेटं आणि तिथून खाली लेसर अँटिलीज. गॅलापागोस ही बेटं इक्वाडोरच्या पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवर, प्रशांत महासागरात. दोन्हीकडे फड्या निवडुंगाची झाडं होतात, पण झाडं वेगळी.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. कॉन्सोलियाचं मुख्य खोड एकसलग वर चढतं, त्यात सांधे नसतात; चपटे फडे वरच्या भागात बाजूला फुटतात. फडा उन्हाकडे तिरपा धरून पाहा, सालीवर जाळीसारखी बारीक नक्षी दिसेल. फडा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, एका अंगाला झुकलेला असतो. गॅलापागोसच्या ऑपुन्शियात (तिथल्या फड्या निवडुंगात) मात्र खोड फड्यावर फडा चढून तयार होतं, आणि त्याचं दोन फुटी रोप काट्यांनी भरलेलं असतं. बिनकाट्याचं रोप कुणी गॅलापागोसचं म्हणून देत असेल, तर पैसे देण्याआधी थांबा.

आपल्या शेताच्या बांधावरचा त्रिधारी निवडुंग यांच्यापैकी कुणाचाही भाऊबंद नाही. तो युफोर्बिया. त्याला टाचणी टोचली की पांढरा चीक येतो. या झाडांना टोचलं तर बिनरंगी बुळबुळीत रस येतो.

मूळ ठिकाणी कॉन्सोलिया रुबेसेन्स सहा मीटरपर्यंत जातो. कुंडीत मुळांना जागा नसते, त्यामुळे त्याच्या निम्म्या उंचीचीही अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : घरासमोर दहा बाय बारा फुटांची मोकळी जागा आहे, माती काळी. दोन फूट खोल खड्डा खणून त्यात रेती भरून झाड लावलं तर चालेल ना? – अन्नपूर्णा रोड

उत्तर : चालणार नाही. सर्वांत जास्त झाडं याच पद्धतीने मरतात.

काळ्या मातीत खणलेला खड्डा म्हणजे हौद. रेतीतून पाणी झरकन खाली जातं आणि खालच्या चिकट मातीवर अडून राहतं. वरून रेती कोरडी दिसते, मुळं मात्र आठ-आठ दिवस पाण्यात असतात. इंदूरला वर्षाला सरासरी ९५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. हा आकडा या झाडांना मुळीच परका नाही. पोर्टो रिकोच्या दक्षिण किनाऱ्यावर ग्वानिकाचं प्रसिद्ध कोरडं जंगल आहे, तिथेही वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस होतो. पण तिथली जमीन भेगाळलेल्या चुनखडीची आहे. पडलेलं पाणी कपारींतून निघून जातं, मुळांपाशी थांबत नाही. त्यामुळे आपल्याला पाऊस कमी करायची गरज नाही. पडलेलं पाणी तासाभरात मुळांपासून दूर गेलं पाहिजे, एवढंच बघायचं.

म्हणून खणायचं नाही, उंचवटा करायचा. जागा शक्यतो दक्षिण किंवा पश्चिम उन्हाची, आणि छताचं पाणी जिथे पडतं तिथून निदान चार फूट दूर. जमिनीचा वरचा थर कुदळीने फक्त उकरून खरबरीत करा आणि एका बाजूला उतार द्या. त्यावर दीड मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच ढीग घाला. मिश्रण घमेल्यांच्या मापाने : जाड मुरूम चार, सहा ते दहा मिलिमीटरची गिट्टी तीन, चाळलेली नर्मदेची जाड रेती दोन, जुनं कुजलेलं शेणखत एक. रेती चाळायलाच हवी. चाळणीखाली पडणारी बारीक रेती मुरमाच्या फटी बुजवते आणि सिमेंटसारखी बसते. गिट्टीतली भुकटीही त्यासाठीच धुऊन काढा. बाग-माती अजिबात घालू नका, ‘थोडीशी’सुद्धा नाही.

ढीग घातल्यावर दोनदा भरपूर पाणी मारून आठवडाभर बसू द्या, मग झाड लावा. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा, हलतंय म्हणून खोल पुरू नका. आधारासाठी तीन बाजूंनी तीन काठ्या आणि जुन्या सुती कापडाची पट्टी पुरते. मे महिन्यातल्या वादळी वाऱ्यात नवं झाड डोक्याकडून जड असल्याने उलटतं, तेव्हा पहिलं वर्षभर काठ्या काढू नयेत. वर दोन बोटं जाडीचा गिट्टीचा थर टाका. बुंध्याला चिकटून ओली माती राहत नाही आणि पावसाचे शिंतोडे फड्यांवर उडत नाहीत.

लावायची वेळ फेब्रुवारी किंवा मार्च. ‘पावसाळ्यात झाडं लागतात’ हा नियम आंब्या-पेरूला ठीक आहे. इथे मुळांना पावसाआधी तीन-साडेतीन महिने मिळाले पाहिजेत, कारण तुटलेल्या मुळांच्या जखमा ओल्या मातीत भरत नाहीत, कुजतात. लावल्यावर आठ दिवस पाणी नाही. मग जूनपर्यंत बारा-पंधरा दिवसांनी पाच-सहा लिटर. पाऊस सुरू झाला की हात आखडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांनी एकदा, डिसेंबर-जानेवारीत बंद.

मार्चमध्ये झाडामागे दोन चमचे सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक ओंजळ शेणखत पुरेसं होतं. युरियाने फडे मऊ, पाणचट आणि मोठे होतात. मग पहिल्या वाऱ्यात सांध्यात तुटतात आणि त्याच जागी कूज शिरते.

प्रश्न : कुंडी किती मोठी? तळाशी विटांचे तुकडे घालावेत का? – तुकोगंज

उत्तर : दोन फुटी रोपाला बारा इंची मातीची कुंडी. दोन-तीन वर्षांनी एकच माप मोठी घ्या. एकदम मोठ्या कुंडीत मुळं न पोचलेली माती ओली राहते. वरचंच मिश्रण वापरा. विटांचा थर नको : पाणी दोन वेगळ्या थरांच्या सीमेवर अडतं, त्यामुळे ओला भाग उलट मुळांच्या जवळ येतो. भोकावर खापरीऐवजी प्लास्टिक जाळीचा तुकडा ठेवा आणि कुंडी तीन विटांवर उचलून ठेवा. प्लास्टिकची कुंडी हलकी असते. उंच झाड लावलंत तर जूनच्या पहिल्या वादळात ती गच्चीवर आडवी मिळेल.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये झाड अचानक एका बाजूला कललं. बुंधा काळपट, दाबला तर आत जातो, घाण वास येतो. वरचे फडे मात्र टवटवीत आहेत. वाचेल का? – लोकमान्यनगर

उत्तर : बुंधा वाचणार नाही, वरचं झाड वाचू शकतं. फडे टवटवीत दिसतात ते साठवलेल्या पाण्यावर. खालून काहीच येत नसतं. त्यामुळे ‘थोडं थांबून बघू’ असं करण्यात रोज आणखी खोड जातं.

धारदार सुरी स्पिरिटने पुसून कुजलेल्या भागाच्या वर आडवा काप घ्या आणि कापाकडे नीट बघा. मध्ये एक गोल कडं दिसतं, त्यातून पाणी वर जातं. ते तपकिरी किंवा नारिंगी दिसलं तर कूज आणखी वर गेलेली आहे, बाकी गर कितीही हिरवा असो. सुरी पुन्हा पुसा आणि दोन इंच वर कापा. कडं पांढरट-हिरवं दिसेपर्यंत हेच. दर कापाआधी सुरी पुसली नाही तर तुम्हीच रोग वर नेता, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

स्वच्छ कापावर गंधकाची पूड चोळा. नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड कोरडंच लावा. खोडाचा तुकडा सावलीत, हवेशीर जागी उभा टेकवून ठेवा. आडवा ठेवला तर शेंडा वर वळून वाकडा होतो. फडा दहा-बारा दिवसांत सुकतो, मनगटाएवढ्या जाड खोडाला तीन-चार आठवडे लागतात. ऑगस्टच्या दमट हवेत पंखा लावावा लागतो. काप चामड्यासारखा कडक झाला की कोरड्या मिश्रणात तीन-चार सेंटिमीटर रोवा, काठीला बांधा, पहिलं पाणी पंधरा दिवसांनी. महिन्याने हलकेच ओढून बघा. अडलं तर मुळं धरली आहेत.

खोडाचा शेंडा वाचला तर झाड पुन्हा सरळ वर जातं. फक्त बाजूचा फडा वाचला तर आधी झुडपासारखी फूट येते आणि खोड धरायला वेळ लागतो. म्हणून काप घेताना शेंडा राखायचा प्रयत्न करा, भले तुकडा लहान राहिला तरी.

जुनी कुंडी पुन्हा वापरायची असेल तर माती फेकून द्या. कुंडी धुऊन एप्रिल-मेच्या कडक उन्हात आठवडाभर ठेवा.

प्रश्न : आमच्याही झाडाचा बुंधा तपकिरी झालाय. कूज का? – स्नेहलतागंज

उत्तर : अंगठ्याने दाबा. टणक, कोरडा, खरखरीत आणि रंग खालून वर सावकाश सरकत असेल तर ते साल धरणं आहे. झाड म्हातारं नव्हे, जाणतं होतंय. ओलसर, मऊ, काळपट आणि कडा पुसट असेल तर वरचं उत्तर वाचा. एप्रिलमध्ये सावलीतून एकदम उन्हात नेलेल्या झाडावर फक्त पश्चिमेच्या बाजूला पिवळट-पांढरे, कागदी डाग पडतात. तो उन्हाचा चटका. तो डाग जात नाही, पण पसरतही नाही.

प्रश्न : छायाचित्रांत गॅलापागोसच्या निवडुंगाला लालसर साल आणि बिनकाट्यांचं खोड दिसतं, मग लहान रोपांना एवढे काटे का? विज्ञान प्रकल्पासाठी हवं आहे. – एक विद्यार्थिनी, राजेंद्रनगर

उत्तर : कारण खाणाऱ्यांची तोंडं जमिनीलगत असतात. तिथल्या महाकाय कासवांची मान जिथवर पोचते तिथवर धोका असतो. रोप लहान असताना अंगभर काटे असतात, झाड उंच झालं की जुन्या खोडावरचे काटे झडतात आणि पातळ पापुद्र्यांची तांबूस साल येते. ज्या बेटांवर कासवं नव्हती, उदाहरणार्थ हेनोवेसा, तिथला ऑपुन्शिया हेलेरी बुटका, पसरट आणि मऊ काट्यांचा आहे. याउलट सांताक्रूझ बेटावरचा ऑपुन्शिया इचिओस, त्याचा जायगँटिया हा प्रकार, बारा मीटरपर्यंत वाढतो. हा संबंध कासवांचाच, की दाट झुडपांतून उन्हाकडे उंच जाण्याच्या चढाओढीचाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. प्रकल्पात दोन्ही कारणं लिहा.

आणखी काही नोंदी घे : चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये या बेटांवर गेला, तेव्हा त्याने आणलेल्या नमुन्यावरून त्याचे गुरू जॉन हेन्स्लो यांनी १८३७ मध्ये ऑपुन्शिया गॅलापागेया या जातीचं वर्णन केलं. तिथला निवडुंग-फिंच पक्षी फुलांतला मकरंद, परागकण आणि बिया खातो आणि परागीभवनही करतो. गळून पडलेले फडे आणि फळं भू-इग्वाना (जमिनीवर राहणारे मोठे सरडे) खातात. १९८२-८३ च्या एल निनोत बेटांवर अफाट पाऊस झाला. पाणी पिऊन जड झालेली कित्येक निवडुंगाची झाडं ढिली पडलेल्या मुळांसकट उलटली. इंदूरच्या पावसाळ्यात आपल्याकडे होतं ते हेच.

प्रश्न : ‘गॅलापागोस ऑपुन्शिया’चं बी ऑनलाइन मिळतंय. मागवू का? – विजयनगर

उत्तर : मागवू नका. गॅलापागोसच्या राष्ट्रीय उद्यानातून रोप किंवा बी नेता येत नाही. जवळजवळ सगळ्या जिवंत निवडुंगांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराच्या कराराचं) नियंत्रण आहे. आपल्याकडे २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे परदेशी बियांसाठी आयात-परवाना आणि निर्यातदार देशाचं आरोग्य-प्रमाणपत्र लागतं. पाकिटावर यातलं काही नसतं. शिवाय फड्या निवडुंगाचं बी बघून बेट सांगता येत नाही. पाकिटात बहुधा खायच्या फळांचा साधा ऑपुन्शिया असतो.

इथल्या कुणा हौशी माणसाच्या झाडाचं बी मिळालं तर जरूर पेरा. बीवर हाडासारखं कडक कवच असतं. पॉलिश पेपरवर एक बाजू घासा, आतला रंग दिसू लागताच थांबा. चोवीस तास कोमट पाण्यात भिजवून चाळलेली रेती आणि मुरूम निम्मे-निम्मे घेऊन एक सेंटिमीटर खोल टोचा. मार्च-एप्रिल योग्य, कारण २५ ते ३५ अंश तापमान लागतं. काही बिया तीन आठवड्यांत येतात, काही सहा महिन्यांनी. ट्रे लवकर फेकून देऊ नका.

प्रश्न : फड्यांवर पांढरा कापूस जमलाय. कडुनिंबाचं तेल मारलं, गेला नाही. – राऊ

उत्तर : कापसाचा एक पुंजका काडीवर घेऊन पांढऱ्या कागदावर चिरडा. गडद लाल डाग पडला तर तो कोचिनील, म्हणजे किरमिजी रंगाचा किडा. लाल नसेल तर पिठ्या ढेकूण. दोघांच्याही अंगावर मेणाचा थर असतो, फवारा त्यावरून घरंगळतो. आधी पाइपच्या जोरदार धारेने धुवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर भांड्यांचा द्रव साबण घालून फवारा. सांधे आणि फड्याच्या मागची बाजू सोडू नका, तिथूनच पुन्हा सुरुवात होते. दर सात दिवसांनी तीन वेळा. तरी राहिला तर इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे कीटकनाशक, लिटरला अर्धा मिलिलिटर, संध्याकाळी. फुलं असताना नको, मधमाश्या मरतात.

या किड्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे. १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने लाल रंगाच्या आशेने ब्राझीलहून किडे आणवले. आले ते निकृष्ट रंगाच्या दुसऱ्या जातीचे. रंग काही जमला नाही, पण मैदानी भागांतला एका जातीचा फड्या निवडुंग त्यांनी फस्त केला. म्हणजे हा किडा तुमचं झाड संपवू शकतो. रोज बघा.

प्रश्न : मुलाच्या तळहातात बारीक कुसळं गेली. चिमट्याने निघत नाहीत. – पलासिया

उत्तर : ‘बिनकाट्याच्या’ झाडावरही ठिपक्यांच्या जागी ही कुसळं असतात. चोळू नका, दातांनी काढू नका, ओठांत जातात. दिसतील तेवढी चिमट्याने काढा. मग फेविकॉलचा पातळ थर लावून त्यावर गॉजची पट्टी बसवा, पूर्ण वाळल्यावर एका दिशेने ओढा. दोनदा करावं लागेल. डोळ्यात गेलं असेल तर काहीच न करता नेत्रतज्ज्ञांकडे जा. झाड हलवताना वर्तमानपत्राच्या जाड घड्यांचा पट्टा करून धरावं. कापडी हातमोज्यात कुसळं अडकून राहतात आणि पुढच्या वेळी टोचतात.

प्रश्न : तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत नवे फडे पट्टीसारखे लांब, फिकट येतात. – विजयनगर

उत्तर : ऊन कमी आहे. रोज निदान पाच तास थेट ऊन हवं. लांबलेले फडे पुन्हा रुंद होत नाहीत, फेब्रुवारीत सांध्यावर कापून टाका. गच्चीवर हलवताना तीन आठवडे घ्या : आधी सकाळचं ऊन, मग दुपारचं.

प्रश्न : आमच्याकडे महूला थंडी जास्त. झाकावं का? – महू

उत्तर : पारा सात-आठ अंशांच्या खाली जाणार असेल तर रात्री सुती चादर टाका, सकाळी काढा. प्लास्टिक नको, आतून पाणी सुटतं. कोरड्या मातीतलं झाड थंडी बरीच सोसतं, ओल्या मातीतलं नाही. कॉन्सोलियाचे कोवळे शेंडे आधी काळे पडतात. ते फेब्रुवारीत कापा, डिसेंबरात नाही.

प्रश्न : छाटलेले फडे कुठे टाकायचे? – खजराना

उत्तर : नाल्यात, रिकाम्या प्लॉटवर किंवा बांधावर नाही. एक फडा पडल्या जागी मूळ धरतो. ऑस्ट्रेलियात असंच पसरलेलं फड्या निवडुंगाचं रान हटवायला १९२५ नंतर कॅक्टोब्लास्टिस पतंग सोडावा लागला. तोच पतंग १९५७ मध्ये कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडला गेला आणि १९८९ मध्ये फ्लोरिडात सापडला. तिथल्या छोट्या बेटांवरची कॉन्सोलिया कोरॅलिकोला ही दुर्मीळ जात आज त्याच्याच अळ्यांच्या तावडीत आहे. अमेरिकेने २०१३ मध्ये तिला संकटग्रस्त ठरवलं.

घरच्या छाटणीचे बोटभर तुकडे करा, मार्चनंतर गच्चीवर पत्र्यावर पसरा आणि पूर्ण कुरकुरीत झाल्यावरच सुक्या कचऱ्यात द्या. ओल्या कचऱ्याच्या डब्यात नकोत. खताच्या ढिगात ते फुटतात आणि कुसळं कचरा उचलणाऱ्याच्या हातात जातात. पावसाळ्यात छाटावंच लागलं तर तुकडे जाड गोणीत बांधून छपराखाली टांगून ठेवा आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळवा.